कोठाराच्या चिठ्ठ्या आणि रविवारची भट्टी

डॉर्कस टॅपलीला माणसांचा तिटकारा होता, आणि तो तिने फुकट मिळवलेला नव्हता. डेव्हनमधल्या एका पिठाच्या गिरणीत ती कामाला असताना अर्धे पोते पीठ नाहीसे झाले. ते मालकाच्या मुलाने विकले होते, हे गिरणीतल्या उंदरांनाही ठाऊक होते. न्यायाधीशाला मात्र ते ठाऊक नव्हते. सात वर्षांची शिक्षा घेऊन ती जहाजात चढली आणि जगाच्या खालच्या टोकाला, सिडनीच्या खाडीवर उतरली. शिक्षा संपली तेव्हा परत जावेसे तिला वाटले नाही. तिथेही माणसेच होती.

खाडीच्या पश्चिमेला खडकाची चढण आहे. घरे तिथे एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी असतात आणि वरच्याचे सांडपाणी खालच्याच्या दारातून वाहते. या चढणीच्या मध्यावर लॉट हॅस्किन्सची पावाची भट्टी होती. हॅस्किन्स सफकचा म्हातारा. गुडघे गेलेले, तोंड शाबूत. डॉर्कस त्याच्याकडे कणीक मळायला आली आणि चार-पाच हिवाळ्यांत सगळी भट्टीच तिच्या हातात आली. म्हातारा लाकडे सारण्यापुरता आणि शेरे मारण्यापुरता उरला.

तिच्या तिटकाऱ्यातही प्रतवारी होती. सर्वांत वर लाल कोटातले अधिकारी, त्यांच्याखाली दुकानदार, आणि अगदी तळाला दुकानदारांचे कागद मुकाट्याने खिशात घालणारी सारी चढण. स्वतःला ती कोणत्या पायरीवर बसवत असे, हे तिने कधी कुणाला सांगितले नाही.

कागदांची गोष्ट अशी होती. वसाहतीत नाणे टिकत नसे. जहाजातून उतरलेले चांदीचे नाणे पुढच्या जहाजाने चहा आणि रमच्या बदल्यात निघून जाई. तेव्हा ज्याला लिहिता येत होते त्याने पैसा लिहायला घेतला, आणि ज्याला येत नव्हते त्याने तो घ्यायला. 'एवढे पैसे देईन' असे सही करून दुकानदार लिही, खाटीक लिही, एक मेणबत्त्या करणारा तर मेण पुसलेल्या चिटोऱ्यांवर लिही. सरकारचे या सगळ्यावर नियंत्रण होते, म्हणजे सरकार हुकूम काढत असे. एका हुकुमाने असे कागद चालू होत, दुसऱ्याने बंद होत, तिसऱ्याने पहिल्या दोहोंचा अर्थ समजावून सांगितला जाई. नाणी पाठवणे लंडनला जमत नव्हते. गव्हर्नरला शाई पाठवणे मात्र जमत होते. हे हुकूम छापले जात, आणि बहुतेकांना वाचता येत नाही हे ध्यानात घेऊन रविवारी चर्चमध्ये प्रवचनाच्या आधी मोठ्याने वाचले जात. चर्चमध्ये जे वाचले ते वसाहतीतल्या प्रत्येकाने ऐकले, असे सरकार धरून चाले. सरकारला असे पुष्कळ काही धरून चालायची सवय होती.

चढणीच्या पायथ्याशी अँब्रोज क्विल्टरचे दुकान होते. क्विल्टर लहानखुरा, स्वच्छ, सतत एखादे भजन गुणगुणणारा माणूस. त्याचे कागद सर्वांत पातळ असत, आणि तरीही त्याचे समाधान होत नसे. शनिवारी पाव निघाले की तो पत्र्याच्या थाळीत नव्या कागदांची चवड घेऊन येई आणि भट्टीच्या तोंडाशी, उतरत्या धगीवर ठेवायला सांगे. धग लागली की कागद कडक होत आणि दोन-चार हातांतून फिरले की त्यांचा चुरा होई. चुऱ्यावर सही दिसत नाही, आणि सही नसलेल्या कागदाचे पैसे देणे क्विल्टरच्या तत्त्वात बसत नसे.

"टॅपलीबाई, फार तांबूस नकोत हं. मागच्या खेपेला कडा करपल्या," तो म्हणे.

"मग जाड कागद आणा."

यावर तो हसे. नोकरांच्या बोलण्यावर हसतात तसे. डॉर्कस या कामाचे पैसे घेई, तेही नाण्यात आणि थाळी आत जाण्याआधी. कुणी ते मनाला लावून घेतले असते तर तिने उत्तर दिले असते की, थाळीला तिने नाही म्हटले तर दुसरी भट्टी आहे. पण मनाला लावून घेणारे चढणीवर कुणी नव्हते. समोरची नोरा, म्हणजे धुणे धुणारी आयरिश विधवा, दारात बादली आपटून विचारायची,

"आज काय भाजतेस डॉर्कस? माझेच पैसे ना?"

"तुझेच. खिशात ठेवलेस तर वाकू नकोस."

"मी धुणं धुते, बाई. वाकल्याशिवाय कसं धुऊ?"

"मग त्याचे कागद घेऊ नकोस."

"आणि खाऊ काय? तुझा स्वभाव?"

डॉर्कस स्वतः क्विल्टरचा एकही कागद घेत नसे. तिला हव्या असत कोठाराच्या चिठ्ठ्या. सरकारी दवाखान्याला भट्टीचा पाव जाई आणि त्याबद्दल सरकारी कोठार चिठ्ठ्या देई, काही हॅस्किन्सला, काही तिला. ही चिठ्ठी कुणीही कोठारात नेली तर तिची रक्कम ठरलेली होती. लंडनच्या पैशात, सरकारच्या नावावर. जहाजाचे कप्तानसुद्धा ती डोळे झाकून घेत. सरकारबद्दल डॉर्कसचे मत चांगले नव्हते, पण सगळ्या लबाडांमध्ये जो सर्वांत मोठा असतो तो निदान पळून जात नाही, असा तिचा हिशेब होता. एकेक चिठ्ठी तिने मिठाच्या मडक्याशेजारी, चहाच्या डब्यात साठवली होती. एरवी अशा चिठ्ठ्या कोठाराला धान्य-मांस देणाऱ्या बाहेरच्या शेतकऱ्यांना नि खाटकांनाच मिळत. साऱ्या चढणीवर अशा चिठ्ठ्या बाळगणारी माणसे दोनच, ती आणि हॅस्किन्स.

या डब्यातून तिला भट्टी विकत घ्यायची होती. गुडघे पार गेल्यावर हॅस्किन्सच्या मनाने घरची वाट धरली होती.

"इथली माती मला पटत नाही," तो म्हणे. "उकरली की वाळूच. माणूस पुरला तर राहणार कुठे? घसरत घसरत समुद्रात जायचा."

"मेल्यावर तुला काय कळणार आहे?"

"मला नाही कळणार. पण माझे भाऊ तिकडे रांगेत पडलेत, त्यांना कळेल."

ठरले ते असे: 'लेडी ऑर्वेल' नावाचे जहाज परतीला निघेल तेव्हा डॉर्कसने चाळीस पौंडांच्या चिठ्ठ्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवायच्या. तेवढ्यात त्याचे जहाजाचे भाडे निघेल. तिकडे गेल्यावर खायला त्याच्या स्वतःच्या चिठ्ठ्या होत्या. भट्टी, मळायची काठवट, दवाखान्याचे काम, सगळे तिचे. ज्या बाईवर अर्ध्या पोत्याचा आळ आला होता ती सबंध भट्टीची मालकीण होणार होती. याबद्दल ती कधी बोलत नसे, पण त्या दिवसांत ती भट्टीच्या विटांवरून हात फिरवताना नोराने पाहिले होते, आणि चेष्टा करायचे टाळले होते.

रविवार हा भट्टीवाल्यांचा सर्वांत कष्टाचा दिवस. चढणीवर कुणाच्या घरी मोठी चूल नव्हती. सकाळी जो तो आपले मातीचे तबक घेऊन येई. कुणाचे मेंढीचे खांदे, कुणाची बटाट्यांवर ठेवलेली हाडे, शिपायाच्या बायकोची मक्याच्या पिठाची खीर. तबके आत सरली की घंटा होई आणि सगळी चढण चर्चमध्ये रिकामी होई. मागे उरत दोन भट्टीवाले. डॉर्कसला आठवड्यातला हा एकच वेळ बरा वाटे. माणसे नसत, फक्त त्यांची जेवणे असत, आणि जेवणे खोटे बोलत नसत. प्रार्थना संपली की सगळे भुकेले होऊन परत येत आणि आपापले तबक ओळखून घेऊन जात. आत देवाने काय सांगितले आणि गव्हर्नरने काय सांगितले, हे तिला विचारावेसे कधी वाटले नाही. त्या दोघांशी तिचे आधीच वाजले होते.

तिच्या हातून चूक झाली ती इथे. अशी चूक भट्टीवालाच करू शकतो.

'लेडी ऑर्वेल' निघायला आठवडाभर उरला तेव्हा ती डबा घेऊन कोठारात गेली. कप्तानाला लहान लहान चिठ्ठ्या नको होत्या. त्यांची एक मोठी करून हवी होती. कोठारात पिम नावाचा कारकून बसे. वय कोवळे, गळपट्टी कडक. त्याने चिठ्ठ्या पसरल्या, एक उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि सगळ्या तिच्याकडे सरकवल्या.

"या जुन्या आहेत."

"जुन्या म्हणजे? पैसा शिळा होतो का?"

"जुन्या नमुन्याच्या चिठ्ठ्या महिनाअखेरच्या आत इथं आणून नोंदवायच्या होत्या. नोंदवल्या नाहीत त्या रद्द. आता सगळा पैसा सरकार एका हाताखाली आणतंय, बाई. गव्हर्नरसाहेबांचा हुकूम आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"चर्चमध्ये वाचला की. चारही रविवार वाचला."

"रविवारी मी भट्टीवर असते."

"मग कुणाला तरी पाठवायचं होतं."

"चारही रविवार," डॉर्कस म्हणाली, "तुमच्या आईचं तबक माझ्या भट्टीत होतं. डुकराची बरगडी. तुम्ही हुकूम ऐकत होतात तेव्हा मी ती उलटत होते."

पिमने यावर विचार केला. तो वाईट मुलगा नव्हता. डॉर्कसच्या मते त्याला वाईट व्हायला लागणारी अक्कलही नव्हती.

"छान झाली होती," तो म्हणाला. "आईसुद्धा म्हणाली. पण नोंदवहीची तारीख उलटली. मी काय करणार?"

वरच्या साहेबाला भेटता येईल का, असे तिने विचारले. साहेब शिकारीला गेले होते. परत आल्यावर भेटतील का? परत आल्यावर ते हेच सांगतील, आणि इतक्या सौम्यपणे सांगणार नाहीत, असे पिम म्हणाला. तिने चिठ्ठ्या गोळा केल्या. सरकारी शिक्का होता तसाच होता, सही होती तशीच होती, कागद जाड आणि उत्तम होता. क्विल्टरच्या कागदाला मरायला निदान भट्टी लागत असे. सरकारचा कागद नुसत्या वाचनाने मेला होता.

वाटेत नोरा भेटली. डॉर्कसने तिला विचारले, "तू चर्चला जातेस ना? तुमच्या पंथाचं नसलं तरी सरकारच्या हजेरीसाठी जातेस."

"जाते. न जाऊन सांगते कुणाला?"

"चिठ्ठ्यांचं काही वाचलं होतं का?"

"वाचलं असेल. कागदाचं काहीतरी लांबच्या लांब वाचत होता. मी सार्जंटच्या बायकोच्या टोपीकडे बघत होते. तिच्यावर मेलेला पक्षी होता, डॉर्कस, अख्खा." मग तिचा चेहरा पाहून नोरा थांबली. "तुझं होतं का त्यात काही?"

"चाळीस पौंड."

नोराने बादली खाली ठेवली. चाळीस पौंड ही गोष्ट टोपीवरच्या पक्ष्यापेक्षा मोठी आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. तेवढे पैसे तिने एकत्र कधी पाहिलेच नव्हते.

संध्याकाळी क्विल्टर आला. वार शनिवार नव्हता आणि हातात थाळी नव्हती. चेहऱ्यावर मात्र मयताला आल्यासारखा भाव होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "फार वाईट झालं, टॅपलीबाई. पण सगळंच बुडालं असं नाही. कोठारात माझा एक स्नेही आहे. मागची तारीख घालून नोंद करायला तो तयार होईल, अर्थात माझ्या नावावर. मी तुमच्या चिठ्ठ्यांचे पावपट देतो."

"कशात?"

"माझ्या कागदांत."

डॉर्कसने त्याच्याकडे नीट पाहिले. इतकी वर्षे ती या माणसाचा तिरस्कार करत होती, आणि तरीही तिने त्याला कमी लेखले होते, असे तिच्या ध्यानात आले.

"क्विल्टरसाहेब, मागच्या शनिवारी भाजलेल्या की पुढच्या?"

"रागावू नका. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, एवढंच मी म्हणतो."

"काहीच नसणं मला येतं. सात वर्षं सराव केलाय. दार लावून घ्या जाताना."

त्याने दार लावून घेतले, पण ते भट्टीचे. शेजारचे म्हाताऱ्याच्या खोलीचे दार त्याने वाजवले.

हॅस्किन्सला बातमी डॉर्कसने दुपारीच दिली होती. तोही रविवारी भट्टीसमोर बसणारा माणूस. पंधरा वर्षांत चर्चचा उंबरा त्याने पाहिला नव्हता. त्याचाही डबा मेला होता. ऐकल्यावर तो एवढेच म्हणाला, "म्हणजे पाव खाल्ला तो खरा होता, पैसे दिले ते खोटे." मग त्याने गुडघ्यांना फडके गुंडाळले आणि झोपायला गेला. आता क्विल्टर त्याच्याकडे अर्धा तास बसून गेला, आणि गेल्यावर म्हातारा काठी टेकत भट्टीपाशी आला.

"तो माझं भाडं भरतोय," हॅस्किन्स म्हणाला. "कागदात नाही. लंडनच्या पेढीवरची हुंडी. कप्तानाला चालते म्हणाला. वर तिकडे खायला थोडं देतोय."

"भट्टीच्या बदल्यात."

"भट्टीच्या बदल्यात. तुला कामावर ठेवतो म्हणाला."

"माझा पगार?"

पगार कशात मिळेल हे दोघांनाही माहीत होते.

"डॉर्कस, त्याला तरी कुठं माहीत होतं? छाती भरली होती, त्या महिन्यात चर्चला गेलोच नाही म्हणाला. नाहीतर धावत येऊन सांगितलं असतं म्हणाला."

"म्हणाला असेल."

"तू थांब म्हणालीस तर थांबेन."

इथे एखादी दुसरी बाई बोलली असती. काठवटीकडे, विटांकडे, स्वतःच्या भाजलेल्या हातांकडे बोट दाखवून तिने चार शब्द मागितले असते, आणि म्हाताऱ्याने ते बहुधा दिले असते. डॉर्कस कणीक मळत राहिली. मागणे हे काम तिने गिरणीतल्या खटल्यात एकदा केले होते.

"तुझे भाऊ तिकडे आहेत," ती म्हणाली. "माझं इथं कुणी नाही. तुझं तू बघ."

"बघतो," म्हातारा म्हणाला, आणि नंतर चार दिवस दोघे एकमेकांशी लाकडे आणि पीठ यांपलीकडे बोलले नाहीत.

रविवारी नेहमीप्रमाणे तबके आली. घंटा झाली, चढण रिकामी झाली, पुन्हा भरली. आपले तबक न्यायला क्विल्टर स्वतः आला. बगलेत प्रार्थनापुस्तक, खिशात भट्टीचे खरेदीखत. जहाज मंगळवारी निघणार होते, म्हणून देवाच्या दिवशी धंदा करण्याबद्दल त्याने आधी दोन वाक्ये खेद व्यक्त केला. म्हातारा बाकावर बसला होता. खत त्याच्या मांडीवर ठेवले गेले, लेखणी हातात दिली गेली. डॉर्कस पाठमोरी उभी राहून लांब फळीने तबके बाहेर ओढत होती. नोरा आपली हाडे न्यायला आली होती ती दारातच थांबली.

"अँब्रोज," हॅस्किन्स म्हणाला, "एवढंच सांग. तुला कळलं असतं तर आम्हाला सांगितलं असतंस ना?"

"लॉट, शेजारी म्हणून विचारतोस हे? महिनाभर माझी छाती भरलेली होती. चर्चचं तोंड पाहिलं नाही. आज पहिल्यांदा गेलो."

"बदक होतं," डॉर्कस म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

"काय?"

"पहिल्या रविवारी बदक. कांदा आणि सेजचा पाला भरलेलं. तुम्ही स्वतः न्यायला आलात, हेच पुस्तक बगलेत. कातडं वाळलं म्हणून कुरकुरलात. म्हणालात, वाचन एवढं लांबवलं की चांगलं बदक फुकट गेलं. दुसऱ्या रविवारी मेंढीचा पाय. तेव्हाही तेच म्हणालात."

"तुमचा घोटाळा होतोय, बाई. इतकी तबकं येतात."

"तबकात माझा घोटाळा होत नाही."

"होत नाही हो तिचा," नोरा दारातून म्हणाली. "आणि साहेब तर माझ्या पुढच्याच बाकावर होते चारही रविवार. टोपीचा पक्षी यांच्या डोक्यावरूनच दिसत होता मला. खोकला-बिकला काही नव्हता. गात होते."

क्विल्टरने पुस्तक एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतले. मग खोटे सांभाळण्याची गरज संपल्यावर माणसाच्या अंगात जी मोकळीक येते ती त्याच्या आवाजात आली.

"बरं, ऐकलं होतं. मग? सरकारनं हुकूम सगळ्यांसाठी काढला. घरोघर वाचून दाखवायची नोकरी मला दिलेली नाही. तुम्हाला कान नव्हते का?"

"आमचे कान तुझ्या बदकापाशी होते," हॅस्किन्स म्हणाला.

त्याने लेखणी बाकावर ठेवली. खताची घडी घातली, नीट, कडेला कड लावून, आणि क्विल्टरकडे धरली.

"लॉट, विचार कर. पुढचं जहाज कधी येईल कुणाला माहीत. तुझ्याकडे एक शिलिंग नाही."

"नाहीये."

"इथेच मरशील."

"मरेन. ते मी माझ्या खर्चानं मरेन. तुझ्या पैशानं घरी गेलो तर अख्खा समुद्रभर मला त्या बदकाचा वास येईल, अँब्रोज. आणि आधीच मला बोट लागते."

क्विल्टरने घडी घेतली, तबक घेतले. दारात नोराने त्याला वाट दिली. खाली वाकून, सार्जंटच्या बायकोला देतात तशी. हाडे थंड होतील, असे म्हणून नोराही गेली.

"मूर्खपणा केलास," डॉर्कस म्हणाली.

"केला."

"भाऊ वाट बघत असतील."

"ते कुठं जात नाहीत." म्हाताऱ्याने गुडघे चोळले. "भट्टी तू घे. पैसे नाहीतच, तेव्हा ते मागत नाही. मी आहे तोवर पाव दे, आणि माझ्यावर ओरडू नकोस. निदान सकाळी तरी."

डॉर्कसने हातातली फळी भिंतीला टेकवली. तिचा चेहरा धगीने लाल होता, त्यामुळे त्यावर आणखी काही होते की नाही हे सांगता येत नव्हते.

"लिहून दे," ती म्हणाली.

"माझा शब्द चालत नाही का?"

"सगळ्यांचे शब्द पाहिलेत मी. लिहून दे."

"कशावर लिहू? त्याचा कागद तर परत दिला."

तिने चहाचा डबा काढला. कोठाराच्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती, आणि कागद खरोखरच उत्तम होता. हॅस्किन्सने तिच्यावर तीन ओळी लिहिल्या, हाक मारून परत बोलावलेल्या नोराने साक्ष म्हणून फुली मारली. दुसऱ्या दिवशी नोंद करायला नेली तेव्हा न्यायाधीशाने ती उलटसुलट करून पाहिली; शिक्क्याची बाजू अधिक वेळ पाहिली. सरकारच्या कागदाला एवढा उपयोग असू शकतो, याचे त्याला बहुधा नवल वाटले असावे. मग त्याने नोंदीची फी घेतली. नाण्यात घेतली, स्वतः सरकारचा माणूस असल्यामुळे कागद घ्यायला तो तयार नव्हता.

'लेडी ऑर्वेल' मंगळवारी गेली. चढणीवरून तिची शिडे दिसत होती. हॅस्किन्सने सबंध दिवस त्या बाजूला पाठ करून लाकडे फोडली, आणि फोडायला लाकूड संपले तेव्हा फोडलेलेच पुन्हा फोडले. डॉर्कसने त्याला थांबवले नाही.

पुढच्या रविवारी तबके आत सरल्यावर तिने हात धुतले, एप्रन काढला आणि घंटेबरोबर चढण उतरून चर्चमध्ये गेली. लोक वळून पाहू लागले. शेवटच्या बाकामागे, दाराला लागून ती उभी राहिली. बसा म्हणून सांगितले तरी बसली नाही. चर्चच्या कारकुनाने हुकूम वाचला. तो लांब होता, आणि सार्जंटच्या बायकोची टोपी खरोखरच पाहण्यासारखी होती, पण डॉर्कसने तिकडे पाहिले नाही. प्रत्येक शब्द तिने दातांखाली नाणे धरून पाहावे तसा तपासून घेतला. वाचन संपून पाद्री उभा राहिला आणि त्याने पुस्तक उघडले, तेव्हा ती निघाली. दारावरच्या माणसाने तिचा हात धरला.

"प्रवचन व्हायचंय अजून."

"त्यात पैशाचं काही आहे का?"

"नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेतला.

ती परतली तेव्हा हॅस्किन्स भट्टीसमोर घामाघूम बसला होता. पिमच्या आईची बरगडी त्याने एका बाजूने काळी केली होती.

"काय वाचलं?" त्याने विचारले.

"डुकरं बांधून ठेवायची. मोकळी सापडली तर दंड."

"आणि कागदांचं?"

"आज काही नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि बरगडी उलटली.

"पुढच्या रविवारी मी जातो," तो म्हणाला. "तू मला शुक्रवारीच निघायला सांग, म्हणजे या गुडघ्यांनी वेळेवर पोचेन."